बाजूच्या गेटवरची हाक

आधीच सांगून टाकतो, या ग्रुपवरचे अनुभव मी आजवर निव्वळ करमणूक म्हणून वाचत आलो. सून मोबाईलवरून वाचून दाखवायची आणि मी खुर्चीत बसून चुका काढायचो. "विहिरीपाशी बाई उभी होती म्हणतो... मग बाईच्या पायात चप्पल होती का, ते का नाही सांगत? नीट पाहिलंच नाही तर रिपोर्ट कशाला देतो?" एकवीस वर्षं नोकरीत मी हेच केलं, रिपोर्ट घेतला आणि रिपोर्ट दिला. भूतखेत, करणी, बाहेरची बाधा हे सगळं माझ्या लेखी ड्युटीवर डुलक्या काढणाऱ्यांनी शोधून काढलेलं. अजूनही बरंचसं तसंच वाटतं. त्यामुळे खाली जे लिहितोय ते वाचून कोणी हसलं तर मी रागावणार नाही. मीही हसलो असतो.

जे घडलं त्याची जागा, वेळ, माणसं सगळं माझ्याकडे आहे. कारण तेवढं नाही. नावं बदलली आहेत.

मी आर्णीचा. जिल्हा यवतमाळ. आमच्या घरात सगळे टेबलावरचे — वडील तहसीलमध्ये, काका पोस्टात, थोरला भाऊ शाळेत हेडक्लार्क. बूट घालणारा मी एकटाच निघालो. केंद्राच्या एका दलात भरती झालो (दलाचं नाव लिहीत नाही), हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि परत आर्णीत येऊन बसलो. बसलो म्हणजे बसवेना. ती वर्षं कशी होती ते आमच्याकडच्यांना सांगायला नको. कापसाचं नाव काढलं की माणसं गप्प व्हायची. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावची वाईट बातमी यायची. ज्याच्या घरी जमीन होती तो बापही पोराला म्हणायचा, "वावराकडं पाहू नोको, भरतीचं पाह्य." म्हणून मी भरतीची पोरं तयार करायला घेतली. दिग्रस रोडला कापसाची एक जिनिंग मिल बंद पडली होती. तिच्या मागचं मैदान मालकाने वापरायला दिलं. पहाटे धावणं, मग लांब उडी, गोळा. आणि रविवारी उन्हं वर येईपर्यंत माझा खास वर्ग — संत्री ड्युटी, म्हणजे पहाऱ्यावर उभं राहणं.

हा वर्ग दुसऱ्या कुठल्याच भरतीवाल्याकडे नव्हता. भरतीच्या परीक्षेत त्याला एक मार्कही नसतो! पण मी नोकरीतली दोन वर्षं परदेशातल्या आपल्या एका वकिलातीवर गार्ड कमांडर होतो आणि तिथे जे शिकलो ते पोरांना दिल्याशिवाय मला चैन पडायची नाही. हे समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडक्यात सांगतो.

वकिलातीच्या गेटवर उभ्या असलेल्या संत्रीला साहेब ढीगभर असतात. राजदूत, त्यांचे सिक्युरिटी ऑफिसर, आमच्या दलाचे इन्स्पेक्टर... पण तो पोस्टवर उभा असताना त्याचा मालक एकच, गार्ड कमांडर. हुकूम कितीही वरून येवो, तो गार्ड कमांडरकडे येणार आणि गार्ड कमांडर स्वतःच्या तोंडाने संत्रीला सांगणार. खुद्द राजदूतांनी काच खाली करून "ही बॅग जरा आत ठेव" म्हटलं तरी संत्री सॅल्यूट मारतो आणि जागेवर राहतो. यावरून एका साहेबांच्या मिसेस माझ्यावर इतक्या भडकल्या होत्या की पंधरा दिवस माझ्या नमस्काराला उत्तर नाही. साहेबांनी मात्र ऑफिसात बोलावून पाठ थोपटली. आणि दुसरा नियम असा की पोस्ट रिकामी राहू शकत नाही. संत्री काही कारणाने हलला, तर बदलीचा माणूस येईपर्यंत गार्ड कमांडरने स्वतः तिथे उभं राहायचं.

मैदानावर मी याचा खेळ केला होता. एका पोराला फाटकापाशी उभं करायचं. बाकीच्यांनी त्याला हरतऱ्हेने हलवायचं. चहा आला, घरून फोन आला, तुझी गाडी पडली, उस्ताद बोलावून राह्यले... काय वाट्टेल ते. (पोरं मला उस्ताद म्हणत.) तो हलला की हरला. सोडवायचं कोणी, तर ज्याने उभं केलं त्याने, म्हणजे मी. माझी हाक ठरलेली होती. आडनाव घ्यायचं आणि, "पोस्ट छोड! मेरे पास आ!" मग वहीत वेळ लिहायची. उभा कधी केला, सोडला कधी.

या खेळात इरफान शेखसारखा पोरगा मला दुसरा मिळाला नाही. रहीम मिस्त्रीचा मुलगा. मिस्त्रीचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज माहूर रोडला. इरफान अंगाने किडकिडीत, पण उभा राहिला की खांब. एकदा मी त्याला उभं केलं आणि बहिणीकडून निरोप आला म्हणून पुसदला निघून गेलो. साफ विसरलो! दुपारी साडेतीनला परत आलो तर हा फाटकापाशी उभाच. मिस्त्री बाजूला पाण्याची बाटली घेऊन उकिडवा बसलेला. म्हणाला, "सायेब, दोन घंट्यापासून समजावून राह्यलो. म्हणते, उस्ताद सांगतीन तवा." मी हाक मारली, तेव्हा पोरगा हलला, आणि हलल्यावर पडला. मला लाज वाटली. आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला... फार वाटला. चारचौघांत ही गोष्ट मी कितीदा सांगितली असेल याची गणती नाही.

इरफान माझ्याच दलात लागला. पाचेक वर्षांनी त्याला परदेशातल्या एका वकिलातीची ड्युटी मिळाली. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा अडीच तास मागे. जायच्या आधी पेढे घेऊन आला, पाया पडला. "उस्ताद, तुमची पोस्ट मले भेटली," म्हणाला. माझी वकिलात वेगळी होती, पण म्हटलं असू दे.

आता तो रविवार.

कापूस वेचणीचे दिवस. थंडी पडलेली. मैदानावर चौदा पोरं होती आणि फाटकापाशी उभा होता गजानन चव्हाण. वहीत लिहिलेलं मला पाठ आहे, 'चव्हाण — ९.४०'. मी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून एकाचा भरतीचा फॉर्म तपासत होतो. जातीच्या दाखल्याचा नंबर चुकला होता, तो खोडून वर नीट लिहीत होतो. डोक्यात इरफान नव्हता. मी हे फार वेळा आठवून पाहिलंय... आठ-पंधरा दिवसांत त्याची आठवणही निघाली नव्हती.

मी उठलो कधी ते मला सांगता येत नाही. उभा होतो एवढं खरं. आणि माझ्या तोंडून हाक निघाली.

"शेख! पोस्ट छोड! मेरे पास आ!"

पोरं हसली. एक जण म्हणाला, "उस्ताद, शेख कुठं हाय? चव्हाण हाय तो."

मला ऐकू आलं, कळलंही. तरी दुसऱ्यांदा मी तेच ओरडलो. तिसऱ्यांदा तर असा ओरडलो की घशात कळ आली. वर म्हणालो, "शेख, ये हुकुम है!" तेव्हा पोरांचं हसणं थांबलं. चव्हाण फाटकापाशी तसाच उभा होता, जागचा हललेला नव्हता. नंतर त्याला विचारलं तर म्हणाला, "मले नाही बोलावलं ना जी. शेखले बोलावलं."

मी खुर्चीत बसलो. कानांना दडे बसले होते. घाटातून एसटी उतरताना बसतात तसे. सवयीने घड्याळ पाहिलं आणि सवयीनेच वहीत लिहिलं. लिहून झाल्यावर पाहतो तर काय लिहिलं होतं... 'शेख — १०.१०'.

संध्याकाळी टीव्हीवर पट्टी फिरायला लागली. वकिलातीवर हल्ला. बाजूच्या गेटवर स्फोटकांनी भरलेली गाडी आदळली. एक जवान ठार. नाव नाही. रहीम मिस्त्री गॅरेज तसंच उघडं टाकून माझ्या घरी आला, त्याच्या हाताला ग्रीस होतं. "सायेब, तुम्ही त्या खात्यातले. तुमाले कोणी तरी सांगंल ना?" मी चार जुन्या ओळखींना फोन लावले. कोणी उचलेना. मिस्त्री आमच्या ओसरीवर बसून होता आणि मी त्याच्याकडे बघायचं टाळत होतो, कारण सकाळचं मैदान माझ्या डोक्यातून जात नव्हतं. उजाडल्यावर कळलं की इरफान जिवंत आहे. ठार झाला तो त्याचा गार्ड कमांडर, ठाकूर नावाचा पहाडातला हवालदार. मिस्त्रीने तिथेच जमिनीला डोकं टेकवलं.

आनंद एक दिवस टिकला. मग खरी गोष्ट बाहेर आली — बाजूच्या गेटवर ड्युटी इरफानची होती. गाडी आली तेव्हा तो तिथे नव्हता.

महिनाभराने त्याला घरी पाठवलं, चौकशी पूर्ण होईपर्यंत. तो आला त्याच दुपारी माझ्याकडे आला. दाढी वाढलेली, पण बसणं तसंच ताठ. बायको चहा ठेवायला आत गेली तशी तो बोलायला लागला.

"उस्ताद, मी गेटवर होतो. व्हिसाची लाईन लागून राह्यली होती. मले मागून हाक आली, गार्डरूमकडून. 'शेख, पोस्ट छोड, मेरे पास आ.' मी नाही हललो. दुसऱ्यांदा आली. तिसऱ्यांदा... 'ये हुकुम है.' मंग गेलो. चाळीस पावलं असंल. गार्डरूममंधी ठाकूर सायेब पट्टा बांधून राह्यले होते. म्हणले, 'किसने बुलाया?' मी म्हणलं, तुम्हीच ना. म्हणले, 'मैंने नहीं बुलाया.'"

"मग?"

"मंग काही बोलले नाही. माझी रायफल घेतली, म्हणले इथंच थांब. आन् स्वतः पळाले. पोस्ट खाली होती ना. तीन मिनिटं झाली असतीन, आन् गाडी आदळली."

 आत चहाचं आधण उकळत होतं, त्याचा आवाज येत होता.

"आवाज ठाकूर सायबाचा नव्हता, उस्ताद. ते मले मंग ध्यानात आलं. तुमचा होता." माझ्याकडे सरळ पाहून त्याने विचारलं, "तुम्ही मले हाक मारली होती का?"

वेळ किती होती ते मी विचारलं. "सात चाळीस," तो म्हणाला. अडीच तास मिळवा.

आणि मी म्हणालो, "नाही रे. मी इथं आर्णीत, तू तिथं. कसं शक्य आहे?"

घाबरलो होतो, दुसरं काही नाही. एकवीस वर्षांचं कोरं सर्व्हिस बुक, गावात मान, 'उस्ताद' म्हणून नाव. हो म्हटलं तर हा पोरगा ते चौकशीत सांगणार. मग माझ्या दारात जीप येणार. तुम्हाला आधी कसं कळलं, कोणी सांगितलं, तुमचा संबंध काय... काय उत्तर देणार होतो मी? इरफानने मान हलवली. चहा घेतला, कप धुऊन ठेवतो म्हणाला. बायकोने ठेवू दिला नाही.

जीप तरीही आलीच. साध्या कपड्यांतले दोघं जण, अदबीने बोलणारे. इरफानने जबाबात माझं नाव घेतलं होतं. ते येणार असा फोन आदल्या दिवशी आला होता. मी वहीतलं ते पान फाडून बंबात घातलं. त्यांनी विचारलं, "उस दिन आपका शेख से कोई संपर्क हुआ था? फोन, मेसेज?" मी म्हणालो, नाही. फोनचा रेकॉर्ड त्यांनी तपासला असणार, त्यात काही निघणार नव्हतंच. खोटं असं मी बोललोच नाही, अशी मनाची समजूत घातली. मैदानावर त्या दिवशी काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सही केली. जाताना एकाने माझी दोन वर्षांची वकिलातीतली ड्युटी विचारून घेतली आणि "तुमच्यासारख्यांनी शिकवलेली पोरं पाहिजेत" असंही म्हणाला. चौदा पोरांपैकी एकालाही कोणी विचारलं नाही.

इकडे गाव बोलायला लागलं होतं. आडनाव शेख, पोस्ट सोडली तीन मिनिटं आधी... पारावर बसून दोन आणि दोन पाच करायला कितीसा वेळ लागतो? "त्याले अगूदरच मालूम असंल." ज्यांचे ट्रॅक्टर मिस्त्रीने आपल्या हाताने उभे केले तेच लोक असं बोलत होते. गिऱ्हाईक दारव्ह्याला जायला लागलं. इरफानचं पुसदला ठरलेलं लग्न मुलीकडच्यांनी मोडलं. मी हे सगळं ऐकत होतो. एकदा कटिंगच्या दुकानात एकाला शिवी घातली, "पोरगं कसं आहे ते मला विचार" म्हणून भांडलो. पण जे सांगायला हवं होतं ते नाही सांगितलं.

माझ्या परीने मी त्याला एक वाट काढून दिली.  त्याला मैदानावर बोलावून म्हणालो, "हे बघ, जबाब बदल. सांग की ठाकूरने स्वतः येऊन बदली दिली, पोस्ट स्वतः घेतली आणि तुला आत पाठवलं. गार्ड कमांडरचा हुकूम... कोणी बोट ठेवू शकत नाही. आणि तो सांगायला येणार नाही."

इरफान जिनिंगच्या तारेच्या कुंपणाकडे पाहत होता. जुना कापूस अडकून काळा पडला होता तारेत.

"त्यानं माझी पोस्ट संभाळली, उस्ताद," तो म्हणाला. "आन् मी त्याच्याच नावावर खोटा हुकूम लिहू? त्याची बायको मले भेटाले आलती. तिनं एकच इचारलं, का ते खरंच ड्युटीवर होते ना. मी म्हणलं, हो."

मी खुर्चीवरची धूळ झटकायला लागलो.

"तुम्ही नाही म्हणता हाक मारली. ठाकूर सायेब नाही म्हणले. मंग माझ्याच डोक्यात काही झालं असंल. तसंच लिहून देतो."

तेव्हा तरी मी सांगायचं होतं. त्याच मैदानावर, त्याच खुर्चीपाशी उभे होतो आम्ही. एक वाक्य पुरलं असतं. त्या वाक्याने चौकशीत काही फरक पडला नसता, माहीत आहे मला. निवृत्त माणसाची हजार कोसांवरची हाक कुठलं खातं कागदावर घेईल? पण त्याला स्वतःला तरी कळलं असतं की तू वेडा नाहीस. तू जे ऐकलंस ते कोणी तरी ओरडलं होतं. मी म्हणालो, "बघ, तुला योग्य वाटेल ते कर."

त्याने तसं लिहून दिलं. कटाचा संशय त्यामुळे उडाला, पण मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या आणि मनाच्या आजाराखाली त्याला नोकरीतून काढलं. गावाची बोलणी बदलली. आधी गद्दार म्हणायचे, आता 'अरे बिचारा' म्हणायला लागले. मला विचाराल तर दुसरं जास्त वाईट होतं, कारण ते इरफानलाही पटलं होतं.

तो बापाच्या गॅरेजात काम करू लागला. हात चांगला चालायचा, हिशेबी बोलायचा, कोणाला त्रास नाही. फक्त हाकेला ओ द्यायचा नाही. कोणी मागून बोलावलं की हातातलं काम थांबवायचा आणि तसाच राहायचा. माणूस समोर आला, ओठ हलताना दिसले की मगच उत्तर. आईने आतून "इरफान, खाना लगाया" म्हटलं तरी उठायचा नाही. तिला बाहेर येऊन त्याच्यापुढे उभं राहावं लागायचं. गावाला सवय झाली. मिस्त्रीच नव्या गिऱ्हाइकाला सांगायचा, "भाऊ, पोराले समोर जाऊन सांगा. मागून आवाज देऊ नोका." मलाही हे माहीत होतं. मी त्याच्याशी बोलताना नेहमी समोर जायचो.

दोन हंगाम असे गेले.

त्या वर्षी बाजार समितीच्या यार्डात कापसाची रांग दोन-दोन दिवस हलत नव्हती. भाव पडलेला. माणसं गाडीखाली जेवून गाडीखालीच झोपत. एकाचा ट्रॅक्टर रांगेतच बंद पडला म्हणून मिस्त्री आणि इरफान तिथे आले होते. मी पेपर आणायला निघालेलो, गर्दी पाहून यार्डात मोटरसायकल लावली. दुपारचे दोन. इरफान इंजिनात वाकलेला, मिस्त्री दहा पावलांवर हत्यारांच्या पिशवीत पाना शोधत होता. त्यांच्या पुढे थोड्या चढावर कापसाने भरलेली एक चारचाकी ट्रॉली होती. तिचा ट्रॅक्टर सोडवून मालक डिझेल आणायला गेला होता आणि चाकांखाली दगड लावले होते. रांग सरकली असं वाटून कोणी तरी ते दगड काढले. ट्रॅक्टर जोडलेला नाही हे त्याने पाहिलंच नाही.

ट्रॉली आधी हळू निघाली. लोक ओरडायला लागले. "अरे हट! सरक! ओ मिस्त्री!" इरफान इंजिनातून बाहेर आला आणि उभा राहिला, पाठ ट्रॉलीकडे. हात पुसत होता. नेहमीसारखा तो थांबला होता, कोणी समोर येतंय का ते पाहत. मी त्याच्या डाव्या बाजूला, वीस-पंचवीस फुटांवर होतो. समोर जायला वेळ नव्हता.

मी ओरडलो, "शेख! पोस्ट छोड! मेरे पास आ!"

शब्द मी निवडले नाहीत. तेच आले.

त्याने ते ऐकलं. याबद्दल माझी खात्री आहे. तो एकदम ताठ झाला, टाचा जुळल्या. मान माझ्या दिशेने अर्धी वळली. आणि मग त्याने डोळे मिटले आणि मान दोनदा हलवली, नाही म्हणून. मनाला समजावतो ना माणूस, की हे खरं नाही, तसं.

दोन पावलं टाकली असती तरी वाचला असता.

या सगळ्यावर आता तुम्ही लिहाल. टेलिपथी, योगायोग, सहावं इंद्रिय, किंवा म्हातारा थापा मारतोय. लिहा, मी सगळं वाचेन. सुनेने इंटरनेटवर शोधूनही दाखवलं मला. त्या रविवारी दहा वाजून दहा मिनिटांनी माझ्या तोंडून ते नाव का निघालं, समुद्रापलीकडे चाळीस पावलांवरून ऐकू यावं इतकं स्पष्ट ते कसं पोचलं, आणि हुकूम नक्की कोणाचा होता, याचा खुलासा आजही माझ्यापाशी नाही. मैदान मी बंद केलं. पोरं दुसरीकडे जातात.

इरफानचा चाळिसावा दिवस झाल्यावर मी मिस्त्रीकडे गेलो. गॅरेजात तो एकटाच होता. स्टुलावर बसून सगळं सांगितलं. मैदान, तीन हाका, वही, फाडलेलं पान, जीपवाले, ठाकूरच्या नावावर खोटं लिहायचा सल्ला. काही वगळलं नाही. तो पाना पुसत ऐकत होता. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

तो म्हणाला, "सायेब, आवाज उतक्या दूर कसा गेला ते अल्ला जाने. ते मी तुमाले नाही इचारत." पाना खाली ठेवला. "पोरगं तुमच्या घरी आलतं. तुमच्यासमोर बसून तुमाले इचारलं, हाक मारली का म्हणून. तवा तुम्ही नाही काहून म्हणलं?"

मी स्टुलावरून उठलो आणि घरी आलो. त्याने मला थांबवलं नाही.